तासगावची काडी आणि तालुक्याचा सर्व्हर

१/
तासगाव तालुक्यातील बोरगावचे बागायतदार वसंतराव आर्वे यांनी 'थॉम्पसन सीडलेस' या द्राक्षवाणाच्या वेलींतून एक वेगळी वेल निवडली. तिच्या काड्यांपासून जे वाण उभे राहिले, ते 'तास-ए-गणेश' या नावाने महाराष्ट्रभर लागवडीखाली आले. मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, संगणकप्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याचा प्रश्न समजून घ्यायला या काडीचा इतिहास उपयोगी पडतो. प्रणाली फुकट मिळते, तरी ती टिकते कशाने, आणि तासगावसारख्या तालुक्याने हा खटाटोप का करावा, याविषयीचा हा थ्रेड.

२/
थॉम्पसन सीडलेसचे मूळ पश्चिम आशियातील सुलताना या बिनबियांच्या द्राक्षात आहे. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन यांनी ते वाढवले, म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले. महाराष्ट्रात आल्यावर त्याच वाणातून तासगावात 'तास-ए-गणेश' निघाले, सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' निवडले, आणि 'माणिक चमन' हेही त्याच घराण्यातले. मूळ एकच, पण प्रत्येक ठिकाणच्या माणसाने आपल्या मातीत, आपल्या डोळ्यांनी निवड केली. त्यासाठी थॉम्पसनच्या वारसांची परवानगी कोणाला मागावी लागली नाही.

३/
संगणकाच्या जगात हेच स्वातंत्र्य कायद्याच्या भाषेत लिहून ठेवावे लागले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये 'जीपीएल' हा परवाना आला. प्रणाली चालवावी, तिचा स्रोत वाचावा, तीत बदल करावा, मूळ वा बदललेली प्रत दुसऱ्याला द्यावी, एवढी मोकळीक त्यात आहे. अट एकच: पुढे देताना घेणाऱ्यालाही हीच मोकळीक मिळाली पाहिजे. काडी घेणाऱ्याने पुढच्याला काडी नाकारायची नाही, असा हा करार.

४/
या करारामुळे प्रणालींनाही फांद्या फुटल्या. 'बीटू' नावाची ब्लॉगप्रणाली थंडावली, तेव्हा तिच्यातून २००३ मध्ये 'वर्डप्रेस' निघाले. 'मायएसक्यूएल' मोठ्या कंपनीच्या ताब्यात जाणार असे दिसताच तिच्या मूळ कर्त्याने २००९ मध्ये 'मारियाडीबी' ही शाखा काढली. 'ओनक्लाउड'मधून २०१६ मध्ये 'नेक्स्टक्लाउड' वेगळे झाले. मालक बदलला, कंपनी बुडाली किंवा मतभेद झाले, तरी मुक्तस्रोत प्रणाली मरत नाही, कारण कोणाच्या ना कोणाच्या बागेत तिची काडी शिल्लक असते.

५/
वेब-प्रणालीत मात्र एक पेच आहे. ती वापरणाऱ्याच्या संगणकावर नसते, दूरच्या सर्व्हरवर चालते. छायाचित्रे, हिशेब, पत्रव्यवहार, चर्चा हे सारे त्या सर्व्हरच्या धन्याकडे साठते. प्रणाली मुक्तस्रोत असूनही सर्व्हर परका असेल, तर वापरणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. वेल गावची, पण जमीन आणि पीक दोन्ही दुसऱ्याचे, अशी ती स्थिती. म्हणून 'स्वतःच्या सर्व्हरवर' या शब्दांना महत्त्व आहे.

६/
परक्या जमिनीवर काय होते, याचा अनुभव मराठी माणसानेही घेतला आहे. 'जिओसिटीज'वरची हौशी संकेतस्थळे २००९ मध्ये गेली. 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि त्यावरच्या गावांच्या, शाळांच्या, साहित्याच्या समूहांचे बोलणे थांबले. 'याहू ग्रुप्स' डिसेंबर २०२० मध्ये मिटले. या कंपन्यांनी आगाऊ सूचना दिल्या होत्या आणि त्यांनी कायदा मोडला असेही नाही. जमीन त्यांची होती, ती त्यांनी रिकामी केली. हजारो माणसांनी वर्षानुवर्षे लिहिलेले जपायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र लिहिणाऱ्यांकडे कधीच नव्हता.

७/
याच्या उलट उदाहरणही मराठीतच आहे. 'मायबोली' १९९६ च्या गणेशचतुर्थीला सुरू झाली. 'मनोगत' २००४ मध्ये, 'मिसळपाव' २००७ मध्ये, 'ऐसी अक्षरे' २०११ मध्ये आले. ही संकेतस्थळे 'द्रुपल' या मुक्तस्रोत प्रणालीवर चालली आणि त्यांचे चालक मराठी वाचकांतूनच आले होते. द्रुपलचा जन्मही असाच घरगुती: अँटवर्प विद्यापीठातील ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने वसतिगृहातील मित्रांसाठी केलेला फलक २००१ मध्ये मुक्तस्रोत झाला. ऑर्कुट आले नि गेले; त्याच्या आधी जन्मलेली मायबोली त्याच्यानंतरही वाचली जात राहिली.

८/
या यशाची दुसरी बाजू लपवणे योग्य नव्हे. द्रुपलच्या सातव्या आवृत्तीची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी संपली. पुढच्या आवृत्तीवर जाणे म्हणजे एक कळ दाबणे नव्हे. घर पाडून सामान नव्या घरात हलवण्याइतके ते काम आहे. एखादे स्थळ एका-दोघांच्या पदरमोडीवर आणि रात्रीच्या जागरणांवर उभे असेल, तर अशी प्रत्येक तारीख त्याच्यापुढे जगण्या-मरण्याचा प्रश्न घेऊन येते. सर्व्हर स्वतःचा केला की त्याची चिंताही स्वतःचीच होते.

९/
एका छोट्या गावाने हा भार कसा पेलला, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण न्यूझीलंडमध्ये सापडते. तेथील हॉरोफेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकप्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती. मोठ्या कंपनीची नवी प्रणाली परवडणारी नव्हती. न्यासाने १९९९ मध्ये 'कॅटिपो' या स्थानिक मंडळींकडून नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि जीपीएलखाली जगाला देऊन टाकली. तिचे नाव 'कोहा'. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ परतफेडीची जाणीव असलेली भेट.

१०/
ग्रंथालयाने ती दिली का? केवळ औदार्य म्हणून नव्हे. एकट्या ग्रामीण ग्रंथालयाला प्रणाली कायम दुरुस्त ठेवणे झेपणार नव्हते; अनेकांनी वापरली तर अनेकजण दुरुस्त करतील, हा त्यातला हिशेब. तो बरोबर ठरला. आज भारतातील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालये कोहावर चालतात, आणि त्यांना परवान्यासाठी पैसा द्यावा लागत नाही. तासगावचे कोणतेही वाचनालय उद्या हीच प्रणाली तितक्याच हक्काने बसवू शकते.

११/
कोहाच्या इतिहासातच एक इशाराही आहे. प्रणालीचे मूळ संकेतस्थळ ज्या डोमेनवर होते, ते कालांतराने एका अमेरिकी कंपनीच्या हाती राहिले आणि जगभरच्या ग्रंथपालांना दुसऱ्या डोमेनवर नवा संसार मांडावा लागला. २०११ च्या अखेरीस 'कोहा' या नावाच्या ट्रेडमार्कवरून वादही पेटला. प्रणालीचा स्रोत कोणी हिरावू शकले नाही, पण पत्ता आणि नाव यांसाठी झगडावे लागले. स्वतःच्या सर्व्हरची पहिली अट इथूनच शिकावी: डोमेन संस्थेच्या नावावर असावे. चालवणाऱ्या उत्साही तरुणाच्या नावावर नाही, आणि ठेकेदाराच्या नावावर तर नाहीच.

१२/
आता प्रत्यक्ष कामाविषयी. लागते ते असे: एक सर्व्हर, त्यावर 'डेबियन'सारखे लिनक्स, प्रणाली, तिचा डेटाबेस, दारावर उभा राहून येणाऱ्याला योग्य खोलीत पाठवणारा 'रिव्हर्स प्रॉक्सी', आणि ये-जा कुलूपबंद ठेवणारे प्रमाणपत्र. यातले जवळजवळ सगळे आज विनामूल्य आहे. प्रमाणपत्रासाठी पूर्वी दर वर्षी पैसे मोजावे लागत. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा २०१५ च्या अखेरीस सर्वांना खुली झाली आणि तो खर्च गेला. त्या प्रमाणपत्रांची मुदत ९० दिवसांची ठेवली गेली, कारण नूतनीकरण माणसाच्या आठवणीवर न सोडता यंत्रावर सोपवावे, हाच हेतू होता.

१३/
२०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'ने बसवण्याचे कष्ट आणखी कमी केले. रोपवाटिकेतून पिशवीत वाढवलेले खुंटरोप आणावे, तशी प्रणाली तिला लागणाऱ्या सर्व सामग्रीसह एका गठ्ठ्यात येते. कोणत्याही सर्व्हरवर ती सारखीच रुजते, आणि एका सर्व्हरवर अनेक प्रणाली एकमेकींच्या मुळांत न गुंतता राहतात. दुपारभरात नेक्स्टक्लाउड उभे करता येते. घोटाळा येथूनच सुरू होतो. बसवणे इतके सोपे झाले की सांभाळणेही सोपेच असेल, असा समज पसरला.

१४/
सर्व्हर ठेवावा कोठे? वाचनालयाच्या खोलीतला जुना संगणकही सर्व्हर होऊ शकतो. पण तेथे वीज जाते, आणि बहुतेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही; अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून थेट आत येता येत नाही. म्हणून डेटासेंटरमधला छोटा सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेणे व्यवहार्य ठरते. भाडे काही शे रुपयांपासून सुरू होते. भाड्याचा म्हणजे परका नव्हे काय? नाही. डोमेन आपले, नोंदी आपल्या, प्रणाली मुक्त. घरमालक बदलला तर एका दिवसात बिऱ्हाड हलवता येते. मालकीची खरी कसोटी यंत्राच्या पावतीत नाही, निघून जाता येण्यात आहे.

१५/
निघून जाता येण्यासाठी बॅकअप हवा. जुना नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. याला चौथा नियम जोडला पाहिजे: वर्षातून दोनदा त्या प्रतीपासून रिकाम्या सर्व्हरवर सगळे पुन्हा उभे करून पाहावे. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी चुकवून चालत नाही. त्याच दोन महिन्यांत ही तालीम केली तर ती विसरली जाणार नाही. परत उभी करून न पाहिलेली प्रत म्हणजे केवळ समाधान.

१६/
विरोधकांचा मुख्य आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो खरा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात गंभीर छिद्र सापडले. दुरुस्ती काही दिवसांत उपलब्ध झाली. ज्यांनी ती वेळेवर बसवली नाही त्यांचे दार उघडे राहिले. ढगाळ हवेत डावणीची फवारणी दोन दिवस लांबली तर काय होते, हे तासगावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने, जो दुसऱ्यांची माहिती बाळगतो त्याच्यावर जबाबदारीही टाकली आहे. हौसेने सर्व्हर उभारून विसरून जाणे हा आता खासगी निष्काळजीपणा राहत नाही.

१७/
यावर नेहमीचे उत्तर असते की, मग सारे मोठ्या कंपनीकडेच ठेवावे. हे उत्तर अपुरे आहे. आक्षेप एकट्याने सर्व्हर चालवण्याला लागू पडतो. शिकलेला मुलगा पुण्याला नोकरीला जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातात, आणि वाचनालयाच्या हाती बंद पडलेला पत्ता उरतो. हे टाळायचे तर 'एकटा की कंपनी' या दोन टोकांच्या मध्ये काही उभे केले पाहिजे. या भागाला ते काही नवे नाही.

१८/
तास-ए-गणेश केवळ चांगली काडी होती म्हणून पसरले नाही. जमिनी क्षारपड होऊ लागल्या, पाणी कमी पडले, तेव्हा बागा 'डॉगरिज' खुंटावर कलम करून उभ्या राहिल्या. द्राक्ष बागायतदार संघाने चर्चासत्रे, अधिवेशने भरवली. बागायतदार एकमेकांच्या बागा पाहायला गेले. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. काडी फुकट मिळाली, ज्ञान मात्र संघटनेने पोहोचवले. मुक्तस्रोत प्रणालीला कमतरता आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.

१९/
कृष्णाकाठच्या सहकारी उपसा सिंचन संस्था हा त्याहून जवळचा नमुना. नदीवर पंप बसवणे एकट्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते, म्हणून अनेकांनी मिळून पंप घेतला, नळ घातला, पाणी सोडायला पगारी माणूस ठेवला आणि वीजबिल एकराप्रमाणे वाटून घेतले. अशा संस्थांची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. वीजबिल आणि दुरुस्तीचा पैसा दर हंगामाला जमतो की नाही, येथे होते. तालुक्याचा सर्व्हर हा असाच सामायिक पंप आहे.

२०/
शेजारचा वारणेचा प्रयोगही विसरू नये. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प वारणा सहकारी समूहाच्या आधाराने सुरू झाला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी पाहिले की केंद्रांचा प्रत्यक्ष उपयोग बव्हंशी ऊस आणि खत यांच्या नोंदींपुरता होत आहे. त्यांनी संगणकाऐवजी मोबाइल संदेशांवर चालणारी पद्धत करून पाहिली, आणि तेवढ्याने काम भागले. बोध स्पष्ट आहे. यंत्र आधी आणून गरज नंतर शोधू नये. लोकांची रोजची नोंद कोणती, येथून सुरुवात करावी.

२१/
तासगावात अशी रोजची नोंद म्हणजे फवारणीची वही. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्यावर निर्यातीची घडी बदलली, आणि काही वर्षांतच 'अपेडा'ची 'ग्रेपनेट' ही वेब-प्रणाली आली. युरोपला होणाऱ्या निर्यातीच्या बागा तिच्यात नोंदल्या जातात. निर्यातीच्या विश्वासासाठी अशी केंद्रीय नोंद आवश्यकच आहे. पण ती परीक्षकाची वही आहे. कोणत्या वर्षी कोणत्या छाटणीनंतर काय मारले, भुरी केव्हा आली, माल कसा निघाला, ही शिकण्याची वही बागायतदाराकडे हवी. ती आज डायरीत, मोबाइलमध्ये किंवा औषधविक्रेत्याच्या ॲपमध्ये विखुरलेली असते.

२२/
यासाठी प्रणाली शून्यातून लिहायला नको. 'फार्मओएस' ही शेतनोंदींची मुक्तस्रोत वेब-प्रणाली उपलब्ध आहे, आणि ती बांधली आहे त्याच द्रुपलवर, ज्यावर मराठी संकेतस्थळे चालली. तिचे मराठीकरण करावे, 'खरड छाटणी', 'डावणी', 'बेदाणा शेड' हे शब्द तिच्यात घालावे. परक्या ॲपमध्ये बागायतदार शब्द बदलू शकत नाही. स्वतःच्या प्रतीत बदलू शकतो. आर्वे यांनी वेलींच्या रांगेतून एक वेल वेगळी काढली, त्याच जातीचे हे काम आहे.

२३/
दुसरी नोंद वाचनालयांची: तालुक्यातील सर्व वाचनालयांची एक कोहा, म्हणजे कोणते पुस्तक कोणत्या गावी आहे हे एका शोधात कळेल. तिसरी नोंद तालुक्याच्या स्मृतीची: जुनी छायाचित्रे, संस्थांचे अहवाल, ३ सप्टेंबर १९४२ च्या तासगाव मोर्चाविषयीच्या आठवणी. विकिपीडिया ज्या 'मीडियाविकी'वर चालतो, ती प्रणाली यासाठी मोकळी आहे. या तीन गोष्टींना एक मध्यम सर्व्हर पुरतो. एवढ्यावर थांबावे, पहिल्याच वर्षी दहा प्रणाली बसवणारा सर्व्हर दुसऱ्या वर्षी अनाथ होतो.

२४/
मग लागेल ती एक संस्था. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असो वा वाचनालयांचा संघ असो, सभासद वाचनालये, महाविद्यालये आणि बागायतदारांचे गट असावेत. वर्गणी सर्व्हरच्या भाड्यासाठी कमी आणि माणसांच्या पगारासाठी जास्त असावी. निदान दोन माणसे शिकलेली हवीत, म्हणजे एक गेला तर दुसरा नव्याला शिकवील. पासवर्ड लखोट्यात, लखोटा संस्थेच्या तिजोरीत. कार्यपद्धती मराठीत लिहिलेली. वार्षिक सभेत ताळेबंदाबरोबर शेवटची बॅकअप-तालीम केव्हा झाली हेही वाचून दाखवावे.

२५/
सरकारी प्रणाली फुकट असताना हा खर्च कशाला, असे विचारले जाईल. सातबारा सरकारनेच ठेवावा; ते त्याचे काम. परंतु तालुक्याचे वाचन, त्याची शेतीतील शहाणीव आणि त्याच्या आठवणी या सातबाऱ्यात मावत नाहीत, आणि दूरच्या कोणत्याही कंपनीच्या नफा-तोट्यात त्यांना जागा नाही. त्या जपण्याचे साधन आज विनामूल्य उपलब्ध आहे. उणीव आहे ती दर महिन्याला त्याकडे पाहणाऱ्या पगारी माणसाची आणि त्याला जाब विचारणाऱ्या सभासदांची. दोन्ही उभे करण्याची रीत या मुलखाला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी वाचनालयांची एक कोहा आणि डोमेन संस्थेच्या नावावर, एवढे झाले तरी सुरुवात योग्य झाली असे म्हणता येईल.

(थ्रेड समाप्त)